आप्पांचं ऑपरेशन, लालबागची खोली आणि गोव्याची हाफ: २४ दिवसांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्या बेळगावच्या पळणं-सायकल-पोहण्याच्या ग्रुपमधल्या एकाचं आहे, त्याला विचारूनच लिहितोय, नाव आणि ओळख पटेल अशा दोनचार गोष्टी तेवढ्या बदलल्यात. त्याला इथं रमेश म्हणूया. वय ४१, उद्यमबागमध्ये स्वतःचं छोटं टर्निंग शॉप, घर वडगावात, मूळ गाव खानापूर तालुक्यातलं. तीन वर्षांपूर्वी शुगर बॉर्डरवर आली म्हणून पळायला लागला आणि मग आमच्यात येऊन सायकल, पोहणं सगळंच लागलं.

गोव्याच्या ७०.३ साठी, म्हणजे हाफ आयर्नमन ट्रायथलॉनसाठी, त्यानं नाव घातलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ७०.३ म्हणजे सगळं मिळून तेवढे मैल: १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर पळणं. पोहायला १ तास १० मिनिटं आणि सगळं मिळून साडेआठ तास, त्यात बसलं पाहिजे. २०१९ पासून ही रेस पणजीला व्हायला लागली आणि बेळगावच्या माणसाला ती घरचीच वाटते, चोर्ला घाट उतरला की गोवा.

तयारी नीट चाललेली. पोहायला गोवावेसचा तलाव, पळायला व्हॅक्सिन डेपो नाहीतर कॅम्पातले झाडाखालचे रस्ते, रविवारी सायकल वेंगुर्ला रोडनं शिनोळीच्या पुढं म्हणजे महाराष्ट्रात जाऊन नाश्त्याला परत कर्नाटकात, आणि चढ मारायचा असला की येळ्ळूरचा राजहंसगड. आठवड्याला दहा-अकरा तास होत होते. रेसला सात आठवडे राहिले तेव्हा सगळ्यात लांब सायकल ८५ किलोमीटर, पळणं १७, आणि तलावात २ किलोमीटर ५४ मिनिटांत. माझा अंदाज होता ६ तास ५० मिनिटांच्या आसपास येईल.

अडचण

आप्पांना, म्हणजे त्याच्या वडलांना, पोटाच्या मोठ्या ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं ठरलं. दवाखाना परळ भागातला. बहीण आणि दाजी डोंबिवलीला, पण तिथून रोज ये-जा करून रात्री वॉर्डात थांबणं दोघांनाही झेपणारं नाही, म्हणून रमेशनं लालबागला गावकीच्या खोलीत राहायचं ठरवलं. आपल्याकडच्या खूप गावांच्या अशा खोल्या गिरणगावात होत्या आणि काही अजून आहेत, गावातली माणसं गिरणीत कामाला जायची तेव्हा गावानं मिळून घेतलेल्या, पाळ्या करून झोपायच्या. आप्पा स्वतः १९८२ च्या संपापर्यंत ह्याच खोलीत राहिलेले. भिंतीला अजून त्या वेळच्या ट्रंका आहेत, आणि त्यातल्या एकीवर आप्पांचं नाव रंगानं लिहिलेलं निघालं. रमेशनं मला त्याचा फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नव्हतं.

किती दिवस लागतील कुणालाच सांगता येत नव्हतं, शेवटी २४ दिवस लागले. रात्री वॉर्डात एक दिवसाआड, एक रात्र हा एक रात्र दाजी. म्हणजे एक रात्र बाकड्यावर तुटक-तुटक तीनचार तास झोप आणि दुसऱ्या रात्री खोलीवर जरा बरी. वर मुंबईतला सप्टेंबर-ऑक्टोबर. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, पहाटे पळताना आपल्याला गार वारा लागतो, तिथं पहाटे पाचलाही अंग चिकचिकतं.

आणि एक अडचण कुठल्याच प्लॅनमध्ये लिहिता येत नाही अशी. आत्या आलेल्या होत्या. पहिल्याच दिवशी शूज घालताना बघून म्हणाल्या, "बाप आत झोपलाय आणि हा चड्डी घालून पळायला निघालाय." रमेश तसा गप्प माणूस, त्यानं ते मनाला लावून घेतलं. पुढचे बरेचसे निर्णय ह्या एका वाक्याच्या सावलीत झालेत असं मला आता वाटतं.

कुठले पर्याय होते

निघायच्या आदल्या रात्री आम्ही तिघं त्याच्या शॉपमध्ये बसलो. पहिला पर्याय सरळ होता, रेस सोडून द्यायची. ह्यात काही कमीपणा नाही आणि मी त्याला तसं स्पष्ट म्हटलं पण. पण त्याची बायको म्हणाली, "हे सोडलं तर ते तिथं बसून नुसता विचारच करत राहतील, दिवसातला एक तास तरी त्यांचा असू दे." हा मुद्दा सगळ्यांना पटला. ठरलं असं की रेस आत्ता सोडायची नाही आणि धरूनही ठेवायची नाही, परत आल्यावर एक लांब सायकल मारून बघायची आणि मग काय ते ठरवायचं.

दुसरा प्रश्न सायकलचा. ट्रेननं न्यायची तर ब्रेक व्हॅनला पार्सल करायची, चढवा-उतरवायची धास्ती, आणि नेऊन ठेवणार कुठं, त्या खोलीत आधीच पाच माणसं झोपतात. ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच मारायचा स्टँड, न्यायचा तर जुन्या चाळीची लाकडी जमीन, खालच्या खोलीत तान्हं बाळ, त्यामुळं तेही बाद. पहाटे रस्त्यावर सायकल मारणारे मुंबईत पुष्कळ आहेत पण त्यांना रस्ते माहीत असतात, नवख्या माणसानं अर्धवट झोपेत त्या ट्रॅफिकमध्ये घुसावं असं मला अजिबात वाटत नव्हतं. मग रमेशनंच तोडगा काढला: सायकल इथंच राहू दे, पेडल काढून नेतो. क्लीटवाले म्हणजे शूज अडकतात ते पेडल, शूज आणि १५ नंबरचा पाना. जिममधल्या बहुतेक स्पिन बाईकच्या क्रँकला, म्हणजे पेडल लागतात त्या दांड्याला, साध्या सायकलसारखेच ९/१६ इंचाचे आटे असतात, त्यामुळं स्वतःचे पेडल लावता येतात. निघताना त्यानं क्रँकच्या मधल्यापासून सीटपर्यंतचं अंतर टेपनं मोजून वहीत लिहून घेतलं, ७२८ मिलिमीटर. आम्हाला हे कुणाला सुचलं नसतं, मशीनवर काम करणाऱ्या माणसालाच सुचतं.

पोहण्याचं त्याच्या डोक्यात होतं की समुद्र आहेच की. ते मी तिथल्या तिथं मोडून काढलं. चौपाटीचं पाणी, नुकताच संपणारा पावसाळा, ओढ कुठं आहे ते माहीत नाही आणि सोबत कुणी नाही, रेसमध्ये समुद्रात पोहतो म्हणून एकट्यानं कुठल्याही समुद्रात उतरायचं नसतं.

पहिला आठवडा: जे चुकलं

इथं जरा सविस्तर सांगतो कारण शिकण्यासारखं इथंच आहे, आणि चूक माझी पण आहे. मी त्याला बेळगावचंच वेळापत्रक थोडं कापून दिलेलं, अकरा तासांचं आठ तास. कागदावर ते समजूतदार दिसत होतं. पण त्यात कुठली रात्र वॉर्डातली आणि कुठली खोलीवरची हे मी धरलंच नव्हतं.

पोहायला एका सार्वजनिक तलावावर गेला तर अर्ज, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि मग वाट बघा, त्यात तीन सकाळी गेल्या. पळायला शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या मारल्या, तिथं नाडी १६४-१६५. त्याच वेगाला व्हॅक्सिन डेपोवर १४८ असते. त्यानं मला मेसेज केला की फिटनेस गेला वाटतं. चार दिवसांत फिटनेस जात नाही, दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग गार करायला हृदय कातडीकडं जास्त रक्त पाठवतं आणि तेवढं पायाला कमी पडतं, नाडी वर जाते. हे मी त्याला सांगितलं, पण वेग कमी कर हे ठासून सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी, रात्रभर वॉर्डात काढून, पहाटे साडेपाचला तो लालबागहून मरीन ड्राइव्हला पळत निघाला. डोक्यात १६ किलोमीटर. नरिमन पॉइंटला वळून परत येताना गिरगाव चौपाटीच्या अलीकडं डोळ्यांपुढं अंधारी आली, हातापायाला मुंग्या, कट्ट्यावर बसला तो उठवेना. एका शहाळेवाल्यानं बघितलं, न विचारता शहाळं फोडून हातात दिलं आणि डोक्यावर पाणी मारलं, पैसे मागनं घेतले. टॅक्सीनं खोलीवर आला. वजन केलं तर आदल्या दिवशीपेक्षा २ किलोच्या वर कमी, म्हणजे जवळपास सगळं पाणीच. त्या दिवशी दुपारी आप्पांची तपासणी होती आणि हा खोलीवर आडवा, दाजींना ऑफिस सोडून यावं लागलं.

आत्यांना कळलंच. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी बोलल्या त्या आत्या नव्हे, आप्पा बोलले. आप्पा जुने तालमीतले. कॉटवर पडल्या पडल्या त्याला म्हणाले, "अरे, खाडा पडला तर पडू दे की. पण कुठला खाडा पाडायचा ते आपण ठरवायचं, अंगानं ठरवायचं नाही."

मग काय बदललं

त्याच रात्री फोनवर तासभर बोलून वेळापत्रक फाडलं आणि नवीन केलं. पहिला नियम, वॉर्डातल्या रात्रीनंतरच्या दिवशी जोराचं काहीही नाही. झोप मिळाली तर वीस-तीस मिनिटं चालणं आणि गॅलरीच्या कठड्याला रबरी दोरी बांधून पोहण्याचे हात, नाही मिळाली तर तेही नाही. दुसरा नियम, आठवड्यात तीनच पक्क्या गोष्टी, एक जोराची सायकल, एक जोराचं पळणं, एक पोहणं, आणि त्या फक्त खोलीवर झोपलेल्या रात्रीनंतर. बाकी जमलं तर जमलं.

हे मनानं केलेलं नव्हतं. हिक्सन म्हणून अमेरिकेतले एक संशोधक होते, त्यांनी १९८० च्या दशकात ह्यावरच काम केलं. दहा आठवडे आठवड्याला सहा दिवस, रोज ४० मिनिटं कडक व्यायाम करून घेतलेली माणसं, मग एका गटाचे दिवस सहावरून दोनवर आणले पण जोर तेवढाच ठेवला, तर १५ आठवड्यांनंतरही त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता टिकून होती. दुसऱ्यात मिनिटं कमी केली, ४० ची १३, तरी ती क्षमता टिकली, पण दीर्घकाळ टिकून राहायची ताकद मात्र घटली. आणि जिथं जोर कमी केला तिथं बहुतेक सगळंच घसरलं. म्हणजे वेळ नसेल तर दिवस कापा, मिनिटं कापा, पण जोर कापू नका. त्यातलं ते १३ मिनिटांवाल्यांचं वाक्य लक्षात ठेवा, पुढं रेसमध्ये नेमकं तेच दिसलं.

चाळीपासून पाच मिनिटांवर गल्लीत एक जिम होती, तळमजल्यावर, दारात हनुमानाची तसबीर, आत दोन स्पिन बाईक आणि एक टेबल फॅन. रमेशनं पाना काढून पेडल खोलायला घेतल्यावर मालक धावत आला, मोडतोय की काय म्हणून. ह्यानं त्याला बसवून दाखवलं, उजवीकडचे आटे सरळ आणि डावीकडचे उलटे असतात, डावा पेडल सोडवायला पाना उलट्या बाजूनं फिरवायचा, लोक नेहमीच्या सवयीनं फिरवतात आणि तो अजूनच आवळला जातो. मग दोन्ही आट्यांना बोटानं ग्रीस लावून स्वतःचे पेडल बसवले, टेपनं सीट ७२८ वर आणली आणि बसला. झाल्यावर परत जिमचे पेडल होते तसे लावून, पुसून दिले. तिसऱ्या वेळी मालकानंच सांगितलं की दुसरी बाईक पण कुरकुरते, जरा बघतोस का. ती पण बघून दिली, त्यानंतर त्याच्याकडनं महिन्याची फी घेतली नाही.

तिथं आठवड्यातून एकदा ४ मिनिटं जोरात ३ मिनिटं हळू असं पाच वेळा, आणि रविवारी ९० मिनिटं सलग. आधी आणि नंतर वजन करायचा. ५५ मिनिटांत अर्धा लिटर पिऊनही १.४ किलो कमी, म्हणजे तासाला दोन लिटरच्या आसपास घाम, हा आकडा त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळला. मग ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात नीट मोजून, आणि घरून नेलेल्या नाचणीच्या पिठाची आंबील मीठ घालून बाटलीत.

पोहायला एका खाजगी क्लबचा तलाव मिळाला, दर वेळचे पैसे देऊन, तोही जेमतेम २० मीटरचा. १.९ किलोमीटर म्हणजे त्यात ९५ फेऱ्या, डोकं गरगरतं. म्हणून लांब पोहणं सोडूनच दिलं, ६० मीटर जोरात आणि थोडी विश्रांती असं वीस वेळा, आणि शेवटी फक्त हाताची पाण्यावरची पकड सुधारणं. पळण्यात वेग बघायचा नाही असं ठरलं, नाडी १५० च्या वर गेली की चालायचं. वरळी सी-फेसला पहाटे, ४० ते ५० मिनिटं. दहा-बारा दिवसांनी तीच नाडी आणि वेग मात्र किलोमीटरला पाऊण मिनिटानं चांगला. उकाड्याची सवय व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात, हे पुस्तकात वाचलेलं इथं डोळ्यांनी दिसलं.

एक निर्णय ज्यावर आमचं अजून एकमत नाही

पंधराव्या दिवसाच्या सुमाराला जिममधल्या एकानं त्याला रविवारी आपली दुसरी सायकल द्यायची तयारी दाखवली, सोबत येणारे सात-आठ जण, रस्ता पाठ असलेले, पाच तासांची राइड. आप्पा तेव्हा आयसीयूतून बाहेर येऊन चार दिवस झालेले, पथ्याचं जेवण सुरू झालेलं. रमेशनं नाही म्हटलं. त्या रविवारी दुपारी दाजींची पाळी होती, म्हणजे तो जाऊ शकत होता, पण त्यानं दाजींना विचारलं सुद्धा नाही.

मला वाटतं विचारायला हवं होतं. दाजींनी नंतर मला स्वतः सांगितलं की मी आनंदानं थांबलो असतो. रमेश म्हणतो, पाच तास फोन न उचलता सायकलवर राहणं मला जमलं नसतं, पाय फिरले असते पण मी तिथं नसतो. आत्यांचं ते पहिल्या दिवसाचं बोलणं त्यात होतंच, तो ते मान्य करतो. त्याच्या जागी मी नव्हतो, म्हणून ह्यापुढं मी काही बोलत नाही. पण त्या एका राइडची किंमत रेसमध्ये मोजावी लागली हे खरं आहे, आणि ते लिहिलं पाहिजे.

निकाल

आप्पांना चोविसाव्या दिवशी घेऊन आला. रेसला २५ दिवस. तिसऱ्या दिवशी शिनोळीच्या रस्त्याला ६० किलोमीटर मारले, पाय जड पण दम शाबूत, मग रेस करायची ठरली. पुढच्या रविवारी ८० किलोमीटर, त्याच्या पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं गाडीनं चोर्ल्यातून उतरून गोव्यात समुद्रात पोहून आलो, कारण तलावात मान वर काढून दिशा बघायची सवय राहत नाही. शेवटचे दहा दिवस हलकं.

रेसमध्ये पोहणं ५२ मिनिटं, म्हणजे अपेक्षेपेक्षा चांगलं, ती हाताची पकड कामाला आली. सायकलवर पहिले ६० किलोमीटर अगदी ठरल्याप्रमाणे आणि मग पाय संपले, छाती म्हणते चल आणि मांड्या म्हणतात नाही, एकूण ३ तास ४१. हेच ते १३ मिनिटांवालं. कमाल क्षमता टिकली, लांबवर ओढायची ताकद कमी पडली. पळणं २ तास ३३. त्या उन्हात आमच्या ग्रुपमधले दोघं चालत आले, एकाला उलट्या झाल्या, रमेश मात्र पहिल्या किलोमीटरपासून नाडी बघून, दर पाण्याच्या स्टेशनला डोक्यावर बर्फ आणि ठरलेलं पाणी घेत सारख्या वेगानं आला. कपडे बदलायचे मधले वेळ धरून सगळं मिळून ७ तास २१ मिनिटं. अंदाजापेक्षा अर्धा तास जास्त.

उन्हाचं श्रेय मुंबईला द्यायचं का? अंगाला लागलेली सवय तीनचार आठवड्यांत बरीचशी उतरते, म्हणजे शरीरात फार काही उरलेलं नसणार. माझ्या मते उरलं ते माहितीचं, तासाला दोन लिटर घाम जातो आणि १५० च्या वर गेलो की चालायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं आणि बाकीच्यांना नव्हतं.

परत असं झालं तर

पहिला आठवडा मी वेगळा केला असता. नव्या गावात पहिले पाच दिवस फक्त चालणं, जागा शोधणं आणि झोप, तलावाचे अर्ज आणि सर्टिफिकेट बेळगावातूनच करून जायचं, फॅमिली डॉक्टर पाच मिनिटांत देतात. वॉर्डातल्या रात्री आधी वहीत मांडायच्या आणि मग उरलेल्या जागेत व्यायाम, आम्ही बरोबर उलटं केलं.

परत आल्यावर आठवड्यातून दोनदा तरी भर दुपारी अर्धा तास पळायला पाहिजे होतं, म्हणजे उकाड्याची कमावलेली सवय टिकली असती, आम्ही घरी आल्याच्या आनंदात परत गार पहाटेलाच पळायला लागलो. आणि लांब सायकलीसाठी तीन आठवड्यांत एक रविवार कुणाकडून तरी मागून घ्यायचा, घरच्यांशी आधीच बोलून, दिवस ठरवून. ऐन वेळी विचारायला गेलं की नकोच वाटतं.

आप्पा आता बरे आहेत, संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोवर दोन फेऱ्या चालतात. रमेशनं जुन्या पेडलची एक जोडी, १५ चा पाना, ग्रीसची डबी आणि टेप असं सगळं एका पिशवीत घालून शॉपमध्ये खिळ्याला टांगून ठेवलंय, ग्रुपमधल्या कुणाला बाहेरगावी जायचं असलं की न्यायला. सध्या ती पिशवी बेंगळुरूला आहे, आमच्यातल्या एकीच्या बहिणीचं बाळंतपण आहे तिथं.